बालीच्या त्या लहान मुली १९५२ साली खरंच ब्रॉडवेवर नाचल्या होत्या का? पेलियातानची गोष्ट, जरा सविस्तर

तुम्ही विचारलंय की बालीत उबुदला फिरायला गेलो होतो, शेजारच्या पेलियातान गावात लेगाँगचा, म्हणजे तिथल्या मुलींच्या पारंपरिक नाचाचा, शो बघितला, गाईड म्हणाला की याच गावातल्या बारा-बारा वर्षांच्या मुली १९५२ ला न्यूयॉर्कला नाचून आल्यात, तर हे खरं की टुरिस्ट लोकांना सांगायची गोष्ट? या डान्स कंपनीचा इतिहास काय, एवढ्याशा मुली इतकं अवघड नाचतात कशा, आणि तुमची नऊ वर्षांची मुलगी भरतनाट्यम शिकतेय तर तिला तिथं काही दिवस शिकता येईल का.

मी बावीस वर्षं भरतनाट्यम शिकवतेय आणि पेलियातानला चार वेळा राहून लेगाँग शिकून आलेय, त्यामुळं हा प्रश्न बघून राहवलं नाही. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

खरं आहे. अगदी शंभर टक्के खरं. १९५२ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेच्या फुल्टन थिएटरमध्ये पेलियातानचा ट्रूप उभा राहिला, त्याआधी लंडनला विंटर गार्डन थिएटरमध्ये प्रयोग झाले होते, आणि नंतर अमेरिकेत फिरत फिरत पार लास वेगासपर्यंत गेले. चाळीसच्या वर माणसं होती, त्यात वादक पुरुष जास्त, आणि मध्यभागी तीन मुली, राका, ओका आणि आनोम. कोलंबिया कंपनीनं त्यांच्या वादनाची रेकॉर्ड काढली आणि तिच्या नावातच गावाचं नाव छापलं. विचार करा, चारी बाजूंनी भातखाचरं असलेलं एक गाव आणि त्याचं नाव अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या दुकानात.

पण 'कंपनी' हा शब्द आधी बाजूला ठेवते, कारण त्यानं सगळं चुकीचं डोळ्यांसमोर येतं. आपल्याला वाटतं ऑडिशन, पगार, एखादी संस्था, तिची बिल्डिंग. तिथं तसं काही नाही. बालीत वाडी किंवा आळी असते तिला बांजार म्हणतात आणि त्या बांजारातली माणसं एखाद्या कामासाठी मंडळ करतात त्याला सका म्हणतात. भात कापायचं सका असतं, वाद्यं वाजवायचं असतं, नाचाचं असतं. आपल्याकडं गावात भजनी मंडळ असतं ना, टाळ-मृदंग मंडळाच्या मालकीचे, बुवा एक, आणि एकादशीला सगळ्यांनी यायचंच, साधारण तसं. पेलियातानच्या सकाचं नाव गुनुंग सारी. त्याचे म्होरके होते आनाक आगुंग गेदे मांदेरा, गावच्या राजघराण्यातले, स्वतः उत्तम वादक. दिवसा शेती करणारी, लाकूड कोरणारी माणसं आणि रात्री गामेलान. गामेलान म्हणजे तो काशाच्या पट्ट्यांचा, घंटांचा आणि ढोलांचा सगळा ताफा जो तुम्ही स्टेजच्या दोन्ही बाजूंना बघितला असेल.

आता लेगाँग आलं कुठून. बालीत सांगतात की सुकावातीचा एक राजा, देवा आगुंग मादे कार्ना, केतेवेल गावच्या देवळात ध्यानाला बसला आणि त्याला अप्सरा नाचताना दिसल्या, उठल्यावर त्यानं तसे मुखवटे घडवून घेतले आणि तो नाच बसवून घेतला. ते मुखवटे केतेवेलच्या देवळात अजून आहेत, अजून लहान मुलीच ते घालून नाचतात. त्यातून पुढं राजवाड्यांमध्ये बिनमुखवट्याचं लेगाँग वाढलं. वयात न आलेल्या मुलीच नाचायच्या, राजाच्या वाड्यात, राजाच्या खर्चानं.

मग डच आले. १९०६ ला बादुंगच्या आणि १९०८ ला क्लुंगकुंगच्या राजघराण्यांनी शरण न जाता पांढरे कपडे घालून डच बंदुकांसमोर चालत जाऊन मरण पत्करलं, त्याला तिथं पुपुतान म्हणतात. हे मी मुद्दाम सांगतेय कारण नाचाचा इतिहास इथंच वळतो. राजांची सत्ता गेली, वाड्यांना वाद्यं आणि नाचणारी माणसं पोसणं परवडेना, आणि ही सगळी कला हळूहळू बांजारांच्या हातात आली. त्याच सुमारास, १९१५ च्या आसपास, उत्तर बालीत गामेलानचा एक नवा प्रकार जन्माला आला, गाँग कब्यार, एकदम वीज चमकल्यासारखा सुरू होणारा, जोरकस. गावागावांना त्याचं इतकं वेड लागलं की वाड्यातली जुनी नाजूक आवाजाची वाद्यं वितळवून कब्यारची वाद्यं ओतून घेतली. मला याचं फार वाईट वाटतं कारण लेगाँगची खरी साथ त्या जुन्या मऊ वाद्यांची होती. पण तसं झालं नसतं तर नाच गावात आलाही नसता.

पेलियातानची माणसं पहिल्यांदा परदेशी गेली ती १९३१ साली, पॅरिसला, वसाहतींच्या प्रदर्शनात. सोबत उबुदच्या राजघराण्यातले चोकोर्दा राका सुकावाती होते. ज्यांच्यावर राज्य करतो त्यांना दाखवायचं प्रदर्शन होतं ते, हे विसरून चालणार नाही. जूनमध्ये डचांचा मंडप जळून गेला, घाईघाईनं परत उभारला आणि प्रयोग सुरू झाले. तिथं आंतोनँ आर्तो नावाच्या फ्रेंच नाटकवाल्यानं ते बघितलं आणि तो हादरून गेला, युरोपातलं नाटक नुसत्या शब्दांवर चालतं आणि इथं शरीरच भाषा झालंय असं त्याला वाटलं, आणि त्यानं त्यावर जे लिहिलं ते आजही नाटक शिकणाऱ्यांना वाचावं लागतं. त्याला नाचातला अर्थ बराचसा कळला नव्हता, पण बसलेला धक्का खरा होता.

त्यानंतर जपान्यांचा कब्जा, मग डचांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध, दहाएक वर्षं अशीच गेली. १९५० च्या सुमारास जॉन कोस्ट नावाचा इंग्रज बालीत राहायला आला. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा कैदी होता, सयाम-बर्मा रेल्वेवर राबलेला, नंतर इंडोनेशियाच्या नव्या सरकारसाठी काम केलेला. त्याच्या डोक्यात आलं की या बेटाचा नाच जगाला दाखवायचा, आणि प्रदर्शनातली चीज म्हणून नाही तर चांगल्या थिएटरमध्ये, तिकीट लावून. अध्यक्ष सुकार्नोंचा पाठिंबा मिळाला. कोस्ट फिरत फिरत पेलियातानला मांदेरांकडं आला आणि तिथंच थांबला, कारण वादन इतकं तयार दुसरीकडं नव्हतं.

वादक तयार होते, मुली मात्र नव्हत्या. लेगाँगच्या आधीच्या मुली मोठ्या झालेल्या. मग गावातल्या तीन लहान मुली निवडल्या आणि त्यांना शिकवायला जुन्या गुरू बसल्या, गुस्ती मादे सेंगोग. या बाईंचं नाव कुठल्याच गाईडच्या तोंडी नसतं. ब्रॉडवेवर टाळ्या पडल्या त्या मुलींना, पण प्रत्येक मनगट, प्रत्येक बोट सेंगोगबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं होतं. मला कुणी विचारलं की पेलियातानची सगळ्यात मोठी कमाई काय तर मी ब्रॉडवे म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं हातानं शिकवणाऱ्या बायका त्या गावाला मिळाल्या, ही कमाई.

टूरसाठी एक नवीन नाच पण बसवला आणि तो आज बालीतल्या सगळ्यात प्रसिद्ध नाचांपैकी एक आहे, ओलेग तांबुलिलिंगान, म्हणजे फुलांतला मध पिणारे दोन भुंगे, नर आणि मादी. तो बसवला तबाननच्या मारियोंनी. मारियो म्हणजे तिथलं फार मोठं नाव, कब्यार दुदुक हा बसून करायचा नाच त्यांचाच. तोवर ते पन्नाशीच्या पुढं गेले होते, नाच बाजूला ठेवलेला, कोस्टनं गळ घालून आणलं. मादी भुंगा झाली राका, साधारण बारा वर्षांची, आणि नर झाला सांपिह. सांपिह हा लहानपणी कॉलिन मॅकफी या कॅनडाच्या संगीतकाराच्या घरी वाढलेला, विलक्षण नाचणारा. टूरवरून परत आल्यावर १९५४ साली त्याचा खून झाला. त्या टूरबद्दल बोलताना गावातली म्हातारी माणसं सांपिहचं नाव आलं की जरा थांबतात, मी स्वतः बघितलंय.

टूरसाठी कोस्टनं नाच छोटे करून घेतले. मूळ लेगाँग तासाभराच्या आसपास चालायचं, स्टेजसाठी ते पंधरा-वीस मिनिटांवर आणलं, आणि आज तुम्ही जे बघितलं तेही साधारण तेवढंच असणार. माझं स्पष्ट मत आहे की यात नुकसान झालं, कारण सुरुवातीचा संथ भाग, जिथं दोघी मुली एका श्वासात असल्यासारख्या हलतात आणि मोठी घंटा कितीतरी वेळानं एकदाच पडते, तोच भाग सगळ्यात जास्त कापला गेला. परदेशी प्रेक्षक कंटाळेल या भीतीनं. पण त्या टूरमुळंच गावोगावी परत लेगाँग शिकवायला सुरुवात झाली हेही तितकंच खरं.

पुढचं पटकन सांगते. १९६० ला बालीत कला शिकवायची सरकारी शाळा निघाली, १९६७ ला त्यावरची अकादमी (आता देनपासारची कला-विद्यापीठासारखी संस्था), १९७९ पासून दरवर्षी बालीचा कला महोत्सव होतो, त्यात मुलांच्या गामेलानच्या स्पर्धा इतक्या चुरशीच्या असतात की बांजारच्या बांजार बघायला लोटतात. २०१५ ला युनेस्कोनं बालीच्या नाचांना वारसा यादीत घेतलं, तीन प्रकार करून, देवळाच्या आत करायचे, देवळाशी जोडलेले, आणि करमणुकीचे. लेगाँग तिसऱ्यात येतं. पेलियातानात गुनुंग सारी अजून आहे, मांदेरांच्या मुलांनी काढलेलं तीर्ता सारी आहे, बायकांचं गामेलान आणि लहान मुलींचा नाच असलेलं मेकार सारी आहे. आणि ती १९५२ ची राका, नी गुस्ती आयू राका रास्मिन, ती गावातच राहिली आणि कित्येक दशकं मुलींना शिकवत राहिली. शाळेतून शिकलेल्या मुली सगळीकडं एकसारख्या नाचतात, पेलियातानची मुलगी मात्र पाठीच्या कमानीवरून ओळखू येते. वयाची जुनी अटही आता राहिली नाही, मोठ्या मुली, लग्न झालेल्या बायकाही लेगाँग करतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एवढ्या लहान मुली हे करतात कसं.

माझ्या तिथल्या गुरूंना आम्ही इबू म्हणायचो, म्हणजे आई. पहिल्या दिवशी मी वही काढली आणि विचारलं, किती मात्रांचा ताल आहे. त्या नुसत्या हसल्या आणि माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. माझी दोन्ही मनगटं धरली, स्वतःचा गुडघा माझ्या गुडघ्यामागं लावून तो वाकवला, आणि तोंडानं गामेलानची चाल म्हणत म्हणत मला हलवायला लागल्या. एक-दोन-तीन-चार काही नाही, तकधिमी नाही, आरसा नाही. तुम्ही नुसतं त्यांच्या अंगाला अंग लावून हलायचं. सहा वर्षांची मुलगी यात लगेच विरघळते, तिचे हात सैल असतात. माझे हात वीस वर्षं अलपद्म आणि कटकामुख या भरतनाट्यमच्या हस्तमुद्रा करून तयार झालेले, ते त्यांच्या हातात जाताच आपलंच काहीतरी करायला लागायचे आणि इबू चाल न थांबवता माझ्या मनगटावर टिचकी मारायच्या.

मूळ पवित्रा असतो आगेम. भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसतो तेव्हा, आपण मध्यरेषेवर असतो, दोन्ही बाजू सारख्या. आगेममध्ये सगळं एका बाजूला. उजवं आगेम असेल तर वजन एका पायावर, कंबर ढकललेली, पाठीची कमान, खांदे वर उचललेले, उजवा हात डोळ्याच्या रेषेत, डावा छातीच्या, कोपरं वर, पायाची बोटं वर, आणि बोटांची बारीक थरथर. मग सेलेदेत, म्हणजे डोळ्यांचा झटका, एका कोपऱ्यात जाऊन परत मध्ये, पापणी न हलवता. आपल्या दृष्टिभेदात डोळा भावाच्या मागं जातो, इथं डोळा घंटेच्या ठोक्यावर जातो. आणि तो ठोका येणार हे मुलीला माहीत असतं कारण आईच्या कडेवर असल्यापासून तिनं तो ऐकलेला असतो. तालमीला बाप वाजवत असतो आणि पोर त्याच्या मांडीवर बसलेलं असतं, हातोडीवर पोराचा हात बापाच्या हाताखाली, हे तिथं रोजचं दृश्य आहे.

अजून एक गोष्ट नीट बघा, पुढच्या वेळी गेलात तर. मध्येच सगळं संगीत आणि नाच एकदम थाडकन थांबतं आणि परत सुटतं. त्याला आंगसेल म्हणतात. आपल्याला वाटतं मुलगी संगीत ऐकून थांबली. उलटं असतं! मुलगी खांद्यातून, पावलातून इशारा देते, ढोलकवाला तो टिपतो, ढोलावर बोल वाजवून बाकी वीस-पंचवीस जणांना सांगतो, आणि सगळे मिळून एका क्षणी थांबतात. म्हणजे दहा वर्षांची पोर पंचवीस मोठ्या पुरुषांना थांबवते आणि चालवते. ढोलकवाल्याची नजर प्रयोगभर तिच्या पाठीवर खिळलेली असते. या पुरुषांच्या कानांशिवाय त्या मुली नाचूच शकत नाहीत, आणि म्हणून मी म्हणते की ही मुलींची कंपनी नाही, गावाची आहे. वाद्यंसुद्धा जोडीनं लावलेली असतात, जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा किंचित चढं, त्यामुळं आवाजात सारखी लाट उठत राहते, तिला लाटच म्हणतात, ओंबाक. आणि वेगवान सुरावट एक माणूस पूर्ण वाजवतच नाही, अर्धे स्वर एक, मधले अर्धे दुसरा. एक जण आला नाही तर सुरावटच बनत नाही.

प्रयोगाआधी एकदा आत बसायला मिळालं होतं. एक मुलगी उभी होती आणि तिची मावशी तिच्या छातीपासून कमरेखालपर्यंत कापडी पट्टी गुंडाळत होती, कित्येक मीटर लांब, घट्ट, आणि पट्टीचं टोक मावशीच्या हातात, मुलगी स्वतःभोवती गिरक्या घेत घेत ती अंगावर चढवून घेत होती. गिरक्या घेता घेता तिचे डोळे सेलेदेत करत होते, आपोआप. मग सोनेरी वर्खाचं नक्षीकाम केलेला पोशाख, मग मुकुट. मुकुटावर ताजा पांढरा चाफा, आपल्याकडं देवळापाशी असतो तोच खुरचाफा. मुकुटाला आधी नैवेद्य दाखवला, पुजाऱ्यानं सगळ्यांच्या अंगावर पाणी शिंपडलं, त्या पाण्याला तिथं तीर्ताच म्हणतात, आपलं तीर्थ. एवढं झाल्याशिवाय ती मुलगी स्टेजकडं गेली नाही, समोर तिकीट काढून बसलेले टुरिस्ट असले तरी. तिकिटाच्या पैशातून वाद्यांची डागडुजी होते, पोशाख होतात, पण देवळाचा उत्सव दर २१० दिवसांनी येतो तेव्हा याच मुली, हेच वादक फुकट नाचतात-वाजवतात, त्याला ङायाह म्हणतात, सेवा. तुम्हाला जमलं तर तो उत्सव बघा, तिकिटाचा शो त्याच्यापुढं काहीच नाही.

आता तुमच्या मुलीचं. हो, शिकता येईल. उबुद-पेलियातान भागात घरी शिकवणाऱ्या गुरू आहेत, परदेशी मुलांना घेतात. निदान तीन-चार आठवडे तरी द्या, रोज तासभर. सुरुवात बहुतेक पेंडेतनं करतील, हातात फुलांचं तबक घेऊन करायचा स्वागताचा नाच. थेट लेगाँगचा हट्ट धरू नका. लेगाँगकडं वळलात तर आधी चोंदोंगचा भाग मागा, म्हणजे सुरुवातीला एकटी येते ती दासी, सगळी मुळाक्षरं तिच्यात आहेत. तालमीला नेसायला सारोंग आणि कमरेला बांधायला शेला लागतो, तिथंच बाजारात घ्या. तारखा ठरवताना गालुंगानचा सण आणि न्येपी बघून घ्या. न्येपी म्हणजे त्यांचं शक संवताचं नवीन वर्ष, तोच शक जो आपल्या पंचांगात असतो, बऱ्याच वर्षी गुढीपाडव्याच्या आसपास येतं, आणि त्या दिवशी अख्खं बेट बंद, विमानतळसुद्धा, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही.

तिच्या भरतनाट्यमच्या ताईंना आधी सांगा, विचारा. काही जणींना भीती वाटते की अंग बिघडेल. माझ्या अनुभवात नऊ-दहाव्या वर्षी बिघडत नाही, मुलांना दोन भाषा येतात तशी दोन अंगं येतात, फक्त परत आल्यावर महिनाभर खांदे वर चढतील तेवढं सांभाळून घ्यावं लागतं.

जायच्या आधी दोनेक महिने घरात पेलियातानचं गामेलान लावून ठेवा, जेवताना, अभ्यास करताना, मुद्दाम लक्ष देऊन ऐकायला लावू नका. आणि तिला एवढंच सांगून ठेवा की पहिल्या दिवशी इबू मागून येऊन हात धरतील तेव्हा घाबरायचं नाही, मोजायचं नाही, हात सोडून द्यायचे.